तिसऱ्या छिद्राचा इतिहास

दौंड तालुक्यातील खुटबाव असो की पुण्यातील एखादी पेठ, घरातील वीज बिघडली की एक कोडे हमखास पडते. सॉकेटला जोडलेला पंखा फिरत नाही. पण टेस्टर लावला तर खालच्या दोन्ही छिद्रांत तो पेटतो. दोन्हीकडे वीज आहे, मग पंखा बंद का? वर्गात चर्चेला घ्यावा असा हा प्रश्न आहे.

टेस्टरमध्ये निऑन वायूची छोटी नळी असते. हा वायू रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांनी 1898 मध्ये शोधला. फेजच्या तारेतून ही नळी, एक मोठा रोध आणि आपले शरीर या वाटेने अतिसूक्ष्म प्रवाह जमिनीत जातो आणि नळी उजळते. म्हणजे टेस्टर विजेचा दाब दाखवतो. परतीची वाट शाबूत आहे की नाही, हे सांगत नाही. न्यूट्रलची तार कोठे तुटली किंवा सैल झाली, तर फेजचा दाब चालू ठेवलेल्या दिव्यातून किंवा पंख्यातून फिरून दुसऱ्या छिद्रापर्यंत येतो. वाट बंद, म्हणून प्रवाह नाही. दोष सॉकेटमध्ये दिसतो, पण असतो बहुधा एखाद्या सैल जोडात.

दोन छिद्रांचा हिशेब असा जाण्यायेण्याचा. मग वरचे तिसरे छिद्र कशासाठी?

घरोघरी वीज आली ती मुख्यतः दिव्यांसाठी. मुंबईला वीज पुरवणारे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले. 20 जून 1960 रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेडोपाडी तारा जाऊ लागल्या. दिव्याला दोन तारा पुरतात. इतर उपकरणेही सुरुवातीला दिव्याच्या होल्डरलाच जोडत. अमेरिकेत हबेल यांनी 1904 मध्ये अशा सुट्या प्लगचे पेटंट घेतले. होल्डरमध्ये बसणारा प्लग आपल्या बाजारात अजूनही मिळतो.

इस्त्री, शेगडी, पाण्याचा पंप अशी धातूच्या अंगाची उपकरणे आली तेव्हा दोन तारा अपुऱ्या ठरल्या. आतील फेजची तार धातूला टेकली, तर हात लावणाऱ्याच्या शरीरातूनच वीज जमिनीकडे जाते. तिला दुसरी, सोपी वाट देण्यासाठी तिसरी तार आली. तीन गोल पिनांचे ब्रिटिश मानक, बीएस 546, 1934 मध्ये निघाले. ब्रिटनने 1947 मध्ये चपट्या पिनांचे नवे मानक आणले. आपण मात्र गोल पिनाच ठेवल्या. आपले मानक आयएस 1293. वरची पिन जाड आणि लांब असते: ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून.

पण पिन असली म्हणजे अर्थिंग असतेच असे नाही. ही तार खड्ड्यात पुरलेल्या नळीपर्यंत किंवा पत्र्यापर्यंत जायला हवी. खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, पाणी ओततात, ते माती ओली आणि वाहक राहावी म्हणून. उन्हाळ्यात काळी जमीन वाळून भेगाळली की रोध वाढतो. समजा तो 20 ओहम झाला. 230 व्होल्टला प्रवाह साडेअकरा अँपिअरच भरेल. 16 अँपिअरचा फ्यूज तेवढ्याने वितळत नाही आणि उपकरणाच्या अंगात धोकादायक दाब कायम राहतो!

म्हणून आता आरसीसीबी नावाचे उपकरण बसवतात. ते जाणारा आणि परतणारा प्रवाह सतत ताडून पाहते. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात पुरवठा तोडते. फ्यूज आणि एमसीबी मुख्यतः तारांना जपतात. हे माणसाला जपते.

बंद सॉकेट पुन्हा सुरू झाले, की दुरुस्ती संपली असे आपण मानतो. तिसरी तार तुटली असली तरी पंखा फिरतो, इस्त्री तापते. तिची उणीव अपघाताच्या दिवशीच कळते. म्हणून वायरमन आला की त्याच्याकडून अर्थिंगही तपासून घ्यावे. मुलांना मात्र सॉकेट उघडू देऊ नये. एक सुटा प्लग आणि पट्टी द्यावी, तिन्ही पिनांची लांबी मोजायला सांगावी आणि विचारावे: एकच पिन लांब का?