'जेव्हा माणूस जागा होतो' : नायकत्वाचे गुण आणि मर्यादा

प्रस्तावना : गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० मध्ये प्रकाशित झालेले पुस्तक मराठीतील अभिजात अनुभवकथनांत गणले जाते. १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. डहाणू, तलासरी व उंबरगाव परिसरातील वारली उठावाचा हा वृत्तान्त इतिहासाचे साधन म्हणून वाचला जातो. परंतु त्यातील प्रमुख पात्रांच्या गुणदोषांची चिकित्सा अभावानेच होते.

विवेचन : या ग्रंथाचा खरा नायक वारली समाज होय. प्रारंभी तो वेठ, कर्ज व भीती यांनी जखडलेला दिसतो. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी 'लग्नगडी' पत्नीसह जमीनदाराकडे वर्षानुवर्षे राबत असे. २३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत वेठ नाकारण्याचा निर्धार झाला आणि हाच समाज निर्भय बनला. पुढे ५०० पौंड गवत कापण्यास अडीच रुपये दर मिळावा, यासाठी त्याने संप पुकारला. एकजूट व दिल्या शब्दाचे पालन हे त्याचे ठळक गुण.

मात्र गुण व दोष येथे एकाच मुळातून फुटतात. १० ऑक्टोबर १९४५ रोजी गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असल्याची खोटी वार्ता पसरविण्यात आली. वारली लाठ्या घेऊन तलवाडा येथे जमले. बाई तेथे नव्हत्याच. पोलीस गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण हुतात्मा झाले. ज्या श्रद्धेने वेठ मोडली, त्याच श्रद्धेने वार्तेची शहानिशा होऊ दिली नाही.

दुसरे पात्र स्वतः निवेदिका. पुण्यातील सुशिक्षित घर सोडून पाड्यांवर राहण्याची चिकाटी हे तिचे बळ. तथापि संपूर्ण कथन तिच्याच दृष्टीतून घडते. वारल्यांचे बोलणे तिच्या लेखणीतून गाळूनच वाचकापर्यंत येते. ही ग्रंथाची मर्यादा मान्य करावी लागते.

निष्कर्ष : १ ऑगस्ट २०१४ पासून डहाणू व तलासरी हे तालुके पालघर जिल्ह्यात आहेत. तेथील वर्गात या पात्रांचे वारसदार विद्यार्थी म्हणून बसतात. त्यांच्यापुढे केवळ गौरवगाथा ठेवल्यास पूर्वज पुन्हा मूकच राहतील. गुणांबरोबर मर्यादाही अभ्यासणे आणि घराघरांतील मौखिक आठवणी ग्रंथाशेजारी ठेवून पाहणे, हाच या ग्रंथाचा यथार्थ सन्मान ठरेल.