अवयवदान, मरणोत्तर

मस्तिष्कस्तंभाचे कार्य कायमचे थांबल्याने मृत झालेल्या, परंतु कृत्रिम श्वसनयंत्राच्या (व्हेंटिलेटरच्या) आधारामुळे हृदयक्रिया काही काळ चालू असलेल्या व्यक्तीचे अवयव, तिच्या जवळच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीने काढून ते अवयव निकामी झालेल्या रुग्णांच्या शरीरात बसवण्यासाठी देणे म्हणजे मरणोत्तर अवयवदान होय. अशा एका दात्याकडून दोन मूत्रपिंडे, यकृत, हृदय, दोन फुप्फुसे, स्वादुपिंड आणि लहान आतडे मिळू शकते. डोळ्यांचे स्वच्छमंडल, त्वचा, हाडे व हृदयाच्या झडपा यांची गणना ऊतींमध्ये होते आणि त्या हृदय थांबल्यानंतरही काही तासांपर्यंत घेता येतात. अवयव मात्र रक्तपुरवठा थांबताच काही मिनिटांत बिघडू लागतात. घरी मृत्यू आल्यास नेत्रदान आणि त्वचादान करता येते, पण मूत्रपिंड किंवा यकृत देता येत नाही, त्याचे कारण हेच. मरणोत्तर अवयवदान जवळजवळ नेहमी अतिदक्षता विभागात घडते, आणि ते घडणार की नाही हे शस्त्रक्रियेच्या कौशल्यापेक्षा त्या विभागातील काही तासांच्या कामावर अवलंबून असते.

मस्तिष्कस्तंभ हा मोठ्या मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा, अंगठ्याएवढा भाग असून शुद्ध आणि श्वास यांचे नियंत्रण त्याच्याकडे असते. अपघातात डोक्याला झालेली इजा, मेंदूतील रक्तस्राव किंवा मोठा पक्षाघात यांमुळे मेंदूला सूज आली, की बंद कवटीत तिला पसरायला जागा उरत नाही. आतील दाब वाढत जातो, मेंदूकडे येणारे रक्त अडते आणि अखेर मस्तिष्कस्तंभ कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्रात दाबला जाऊन मरतो. हृदयाला स्वतःची लय असल्याने ऑक्सिजन मिळत असेपर्यंत ते धडधडत राहते, त्यामुळे शरीर कोमट असते, छाती यंत्राच्या तालावर वरखाली होते आणि मॉनिटरवर नाडी दिसते. कोमातील रुग्णाचा मस्तिष्कस्तंभ थोडाफार तरी जिवंत असतो आणि त्याच्यात सुधारणेची शक्यता असते. मेंदूमृत, म्हणजे मस्तिष्कस्तंभ मृत झालेल्या, व्यक्तीत ती मुळीच नसते. हा भेद नातेवाइकांना समजावून सांगणे हेच या प्रक्रियेतले सर्वांत अवघड काम आहे.

मेंदूमृत्यूच्या तपासणीपूर्वी मेंदूच्या इजेचे कारण निश्चित झालेले असावे लागते, तसेच गुंगीची औषधे, विषबाधा, शरीराचे उतरलेले तापमान किंवा रक्तातील क्षारांचा बिघाड यांमुळे तशी अवस्था भासत नाही याची खात्री करून घ्यावी लागते. त्यानंतर बुबुळावर प्रकाशझोत टाकणे, स्वच्छमंडलाला कापसाचे टोक लावणे, डोके दोन्ही बाजूंना फिरवून डोळ्यांची हालचाल पाहणे, कानात बर्फाचे पाणी सोडणे, श्वासनलिकेत नळी घालून खोकला येतो का ते पाहणे, अशा चाचण्या घेतल्या जातात. शेवटची श्वसनचाचणी निर्णायक असते. रुग्णाला आधी शुद्ध ऑक्सिजन देऊन श्वसनयंत्र काही मिनिटे सोडवतात, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवतात आणि डॉक्टर उघड्या छातीपोटाकडे सतत पाहत राहतात. रक्तातील कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरांपर्यंत चढूनही श्वासाची एकही हालचाल झाली नाही, तर श्वसनकेंद्र मृत असल्याचे ठरते. भारतीय कायद्यानुसार या सर्व चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा घ्याव्या लागतात आणि चार डॉक्टरांच्या मंडळाने प्रमाणपत्रावर सही करावी लागते. या मंडळात रुग्णालयाचे प्रमुख, रुग्णावर उपचार करणारे डॉक्टर, मान्य यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ आणि मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक असतात. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातील कोणालाही या मंडळात बसता येत नाही. अवयवांसाठी रुग्णाला लवकर मृत ठरवले जाईल, या समाजातील शंकेचे सर्वांत भक्कम उत्तर याच तरतुदीत आहे.

मज्जारज्जू जिवंत असल्याने मेंदूमृत व्यक्तीचा हात किंवा पाय क्वचित आपोआप हलतो. ही हालचाल मेंदूकडून आलेली नसते. पण खाटेजवळ उभ्या असलेल्या आईला ती दिसली, तर तिला दिलेले सर्व स्पष्टीकरण त्या क्षणी कोसळते, म्हणून अनुभवी डॉक्टर ही शक्यता आधीच बोलून ठेवतात. मृत्यूची बातमी आणि अवयवदानाची विनंती एकाच वेळी करायची नाही, हाही संकेत आहे. डॉक्टर मृत्यू सांगतात, कुटुंबाला तो पचवायला वेळ दिला जातो आणि मगच प्रत्यारोपण समन्वयक विनंती करतो. समन्वयक म्हणजे समुपदेशन, कागदपत्रे आणि पथकांची जुळवाजुळव पाहणारा प्रशिक्षित कर्मचारी; प्रत्यारोपण केंद्राच्या नोंदणीसाठी त्याची नेमणूक कायद्याने आवश्यक आहे. मृत व्यक्तीने हयातीत दानपत्र भरले असले, तरी प्रत्यक्षात नातेवाइकांचा होकार नसेल तर अवयव घेतले जात नाहीत. त्यामुळे खिशातल्या कार्डापेक्षा घरात झालेले बोलणे अधिक उपयोगी पडते. अपघाताच्या प्रकरणात पोलिसांना कळवून पंचनाम्याची आणि शवविच्छेदनाची व्यवस्था करावी लागते, आणि त्यातला विलंब कित्येकदा मिळालेला होकारही वाया घालवतो.

दरम्यान दात्याचे शरीर सांभाळावे लागते. मेंदूतून येणारी संप्रेरके थांबल्याने लघवीचे प्रमाण अतोनात वाढते, रक्तदाब घसरतो, शरीर गार पडू लागते. द्रव, औषधे आणि ऊब देऊन अवयव टिकवण्याचे हे काम जिवंत रुग्णाच्या शुश्रूषेइतकेच दक्षतेने करावे लागते. संमतीनंतरच्या या देखभालीचा आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही.

अवयव कोणाला मिळणार हे दात्याचे कुटुंब किंवा डॉक्टर ठरवत नाहीत. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्या रक्तगट, प्रतीक्षायादीतील काळ आणि रुग्णाची निकड पाहून वाटप करतात. त्यांच्यावर पश्चिम विभागासाठी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संस्था आणि देशपातळीवर दिल्लीतील राष्ट्रीय संस्था आहे. शस्त्रक्रियेत महारोहिणीत नळी घालून सुमारे ४ अंश सेल्सिअस तापमानाचे परिरक्षक द्रावण सोडतात, अवयव निर्जंतुक पिशव्यांच्या थरांत ठेवून बर्फाच्या पेटीत बंद करतात आणि मृतदेह नीट शिवून नातेवाइकांच्या स्वाधीन करतात. त्यानंतर हृदयासाठी सुमारे चार तास, यकृतासाठी बारा तासांच्या आत आणि मूत्रपिंडासाठी साधारण एक दिवस, एवढीच मुदत हाती असते. पोलिसांनी सिग्नल रोखून रुग्णवाहिकेसाठी मोकळा केलेला रस्ता, ज्याला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात, तो याच मुदतीमुळे लागतो.

परका अवयव शरीर नाकारते, आणि प्रत्यारोपणाच्या इतिहासाचा मोठा भाग या नकाराशी चाललेल्या झुंजीचा आहे. बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी २३ डिसेंबर १९५४ रोजी केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमध्ये होते, म्हणून हा प्रश्न तिथे उद्भवलाच नाही. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाऊन येथे मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. त्यांचा रुग्ण १८ दिवस जगला. पुढच्या तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला, परंतु मेंदूमृत्यूला देशात कायदेशीर मान्यता नसतानाच्या काळातला तो प्रयत्न भारतीय शल्यविद्येच्या इतिहासात मानाने नोंदला पाहिजे. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन हे औषध १९८०च्या दशकात प्रचारात आले आणि परक्या दात्याचा अवयव वर्षानुवर्षे टिकू लागला. आता टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही औषधे अधिक वापरली जातात. ती बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात, त्यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि त्यांचा मासिक खर्च न पेलल्याने मिळालेला अवयव गमावणारे रुग्णही असतात.

भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव केल्यामुळे संसदेने तो केला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो या राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. इतर बहुतेक राज्यांनी तो नंतर स्वीकारला. मूत्रपिंडांच्या उघड खरेदी-विक्रीला आळा घालणे आणि मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूला मान्यता देणे ही त्याची दोन उद्दिष्टे होती. २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचा समावेश केला, आजी-आजोबा व नातवंडे यांना जवळच्या नातेवाइकांत घेतले, दोन कुटुंबांतील दात्यांच्या अदलाबदलीला परवानगी दिली आणि अवयवांच्या व्यापारासाठी पाच ते दहा वर्षे कैद व २० लाख ते १ कोटी रुपये दंड ठेवला. प्रत्यारोपणाची सोय नसलेल्या, पण अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह असलेल्या रुग्णालयांनाही अवयव काढण्यासाठी नोंदणी करता येऊ लागली, आणि जिल्ह्याच्या गावी होणारे दान त्यामुळेच शक्य झाले.

एवढे असूनही मरणोत्तर दान देशात फार थोडे आहे. २०२३ साली अठरा हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाली, पण मरणोत्तर दाते १,०९९ होते, म्हणजे दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी; बाकीचे बहुसंख्य अवयव जिवंत नातेवाइकांनी दिलेले होते. या जिवंत दात्यांत स्त्रिया ठळकपणे अधिक आणि अवयव मिळणाऱ्यांत पुरुष अधिक असतात, ही विषमता प्रेमाच्या नावाखाली झाकून चालणार नाही. स्पेनमध्ये दहा लाखांमागे चाळीसहून अधिक मरणोत्तर दाते मिळतात. तेथील कायदा नकार न दिलेल्या प्रत्येकाची संमती गृहीत धरतो, तरीही नातेवाइकांना विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत, आणि यशाचे श्रेय १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या जाळ्यातील, रुग्णालयारुग्णालयांत नेमलेल्या, बहुतांशी अतिदक्षता विभागातल्याच डॉक्टर-समन्वयकांना दिले जाते. भारतात लोकजागृतीची भाषणे पुष्कळ होतात, पण मेंदूमृत रुग्ण ओळखला जाऊन त्याची नोंद आणि तपासणीच झाली नाही, तर कुटुंबाला विचारण्याची वेळच येत नाही. शिवाय मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूची व्याख्या केवळ प्रत्यारोपणाच्या कायद्यात असल्याने नातेवाइकांनी नकार दिल्यास श्वसनयंत्र काढावे की नाही याबद्दल डॉक्टर धास्तावलेले असतात, आणि त्याच धास्तीने मुळात तपासणी टाळण्याकडेही कल होतो.