नराणी, जहाज आणि लेसन प्लॅन

नराणी हा शब्द तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? न्हाव्याच्या धोपटीत वस्तऱ्याशेजारी नखं काढायचं एक छोटं हत्यार असायचं, ती नराणी. नेलकटर घराघरात यायच्या आधी अख्ख्या गावाचं मॅनिक्युअर-पेडिक्युअर तिच्यावरच चालायचं. मोबदला वर्षाकाठी धान्यात, म्हणजे बलुत्यात. थोडक्यात काय, अ‍ॅन्युअल मेन्टेनन्स कॉन्ट्रॅक्ट :)

या धंद्याचं ट्रेनिंग बापाकडून मुलाकडे. सिलॅबस नाही, परीक्षा नाही. वारकरी संतांमधले सेना महाराज याच समाजातले. त्यांनी अभंगात रूपकं वापरली तीसुद्धा धंद्यातल्या हत्यारांची. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे हे नाव लहानपणापासून कानावर आहे. पण शिकवणारा 'क्वालिफाइड' आहे का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडायचं कारणच नव्हतं. उत्तर जातीतच लिहिलेलं होतं.

आणि बायका? त्यांची वेणीफणी, उटणं, मेंदी सगळं घरातच. न्हाव्याचा वस्तरा बाईच्या केसांपर्यंत पोचायचा तो एकाच प्रसंगी. उच्चवर्णीय घरातली बाई विधवा झाली की तिचं केशवपन करायला. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेतली आणि हे काम आम्ही करणार नाही असं ठरवलं. हे तेच लोखंडे, ज्यांच्यामुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, तीही त्याच वर्षी. (विकांताला ब्लॉग लिहिणाऱ्यांनी त्यांचे खरं तर जाहीर आभार मानायला हवेत.) आपल्या हातातल्या कामाला 'नाही' म्हणणं हीसुद्धा कारागिराची एक लायकीच म्हणायची. ती कुठल्या सर्टिफिकेटवर येत नाही, ते सोडा.

आता हा सगळा विषय कुठून निघाला? सोलापुरात माझी एक मावसबहीण पार्लर चालवते. बारा वर्षं झाली. मागच्या खोलीत मुलींना शिकवतेही. तिला आयटीआयमध्ये इन्स्ट्रक्टर व्हायचंय. घरात कॉम्प्युटरवाला मीच, त्यामुळे "तेवढा फॉर्म भरून दे की रे" हे ओघाने आलंच. फॉर्म उघडला आणि नेहमीप्रमाणे मी भलतीकडेच वाहवत गेलो.

आयटीआयच्या शिक्षकांसाठी क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग नावाचा एक वर्षाचा कोर्स असतो. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांच्याच रांगेत त्यात कॉस्मेटॉलॉजीही आहे. काही भाग धंद्याचा, काही शिकवण्याचा. म्हणजे नखाची रचना, त्वचा, हत्यारांचं निर्जंतुकीकरण हे तर शिकायचंच, पण धडा कसा बांधायचा हेही. त्यासाठी चार पायऱ्या सांगितल्यात: आधी विद्यार्थ्याची तयारी, मग सादरीकरण, मग त्याच्याकडून करून घेणं, शेवटी चाचणी.

या चार पायऱ्या आल्या कुठून? बंदरातून! पहिल्या महायुद्धात अमेरिकेला घाईघाईने जहाजं बांधायची होती आणि कामगार होते नवखे. चार्ल्स अ‍ॅलन नावाच्या गृहस्थाने गोदीतल्या जुन्या जाणत्या कारागिरांना शिकवायचं कसं ते शिकवलं आणि 1919 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की काम उत्तम येणारा माणूस उत्तम शिकवेलच असं नाही, कारण हाताला जे सवयीने येतं ते तोंडाने सांगायला तो विसरतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन कारखान्यांनी हीच पद्धत पुन्हा बाहेर काढली. म्हणजे आज एखादी बाई मुलींना नेलपॉलिशचा पहिला हात कसा द्यायचा ते शिकवते, तेव्हा तिचा लेसन प्लॅन जहाजाच्या रिव्हेटवाल्यांचा असतो. मला तरी हे भन्नाट वाटलं.

आपल्याकडे आयटीआयची योजना 1950 ची, पण बायकांच्या वाट्याला ती फार उशिरा आली. 1977 मध्ये स्वीडनच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने दिल्ली, मुंबई आणि बंगळूरला महिलांसाठी खास संस्था निघाल्या. घरात 'नटणंमुरडणं' म्हणून हिणवलं जाणारं काम पुढे सरकारी ट्रेड झालं आणि ते शिकवणारी बाई इन्स्ट्रक्टर झाली. माझ्या मते ही छोटी गोष्ट नाही. जात आणि बाप या दोन्ही अटी एका फटक्यात गेल्या.

पण त्यांच्या जागी नवी अट आली, आणि ताईचं घोडं अडलंय ते तिथेच. या कोर्सला बसायला आधी आयटीआय, अ‍ॅप्रेंटिसशिप किंवा डिप्लोमा यातलं काहीतरी लागतं. ताईकडे आहे ते खाजगी क्लासचं, सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. भिंतीवर झकास दिसतं, फॉर्ममध्ये चालत नाही. म्हणजे चाळिशीकडे झुकलेल्या बाईने दहावी झालेल्या पोरींबरोबर वर्षभर बाकावर बसायचं, मग आणखी एक वर्ष इन्स्ट्रक्टरचा कोर्स. दोन वर्षं पार्लरचं शटर खाली. भाडं कोण भरणार?

दुसरी वाट आहे. 2015 ला सुरू झालेल्या कौशल्य विकास योजनेत, काम आधीच येत असेल तर नुसती चाचणी देऊन प्रमाणपत्र मिळवायची सोय आली. ते घ्यायचं, मग ट्रेनरची वेगळी परीक्षा द्यायची आणि कमी मुदतीच्या कोर्सवर शिकवायचं. यात शटर खाली ओढावं लागत नाही. पण आयटीआयची नोकरीही मिळत नाही.

मी ताईला विचारलं, मुलींना क्यूटिकल कापू नका असं तू सांगतेस, का ते सांगतेस का? तिने लगेच सांगितलं: नखाच्या मुळाशी ते बूच असतं, काढलं की घाण आत जाते. मग एकच हत्यार दोन गिऱ्हाइकांना का वापरायचं नाही, तेही सांगितलं. अ‍ॅलनसाहेबांच्या चारही पायऱ्या ती नाव न ऐकता करत होती, फक्त चाचणी कागदावर घेत नव्हती.

तिने सध्या दुसरी वाट धरलीय. आयटीआयचा फॉर्म माझ्या लॅपटॉपवर अर्धा भरून पडलाय, 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यापाशी.