झाऊ, तीन पॉप्लर आणि एक बदक

आजच्या भागाची सुरुवात थेट तकलामकानच्या वाळवंटात करूया. साल 1895, एप्रिल महिना. स्वेन हेदिन हा स्वीडिश प्रवासी चार माणसं आणि आठ उंट घेऊन मेरकेतहून पूर्वेला निघाला. वाटेतल्या शेवटच्या तळ्यावर दहा दिवसांचं पाणी भरा असं त्याने सांगितलं होतं. भरलं गेलं खूपच कमी, आणि हे कळलं तेव्हा तळं मागे पडलं होतं.

मे उजाडेपर्यंत पाणी संपलं. शेवटी चालत राहिले दोघंच, हेदिन आणि कासिम. आधी त्यांना वाळूत झाऊचं एक झुडूप दिसलं. मग तीन पॉप्लर. तिथे खणायला गेले, पण हातात फावडं धरायची ताकद नव्हती. पुढे क्षितिजावर जंगलाची काळी रेघ दिसली.

मला ही गोष्ट साहसापेक्षा नकाशा म्हणून आवडते. कारण तिथली झाडं याच क्रमाने उगवतात, फक्त उलट्या दिशेने. नदीकाठी बोरूची बेटं, मग कोवळे पॉप्लर, त्यामागे जुने पॉप्लर आणि त्यांच्या पायाशी झाऊ, ज्येष्ठमध, उंटकाटा. आणखी लांब नुसते झाऊचे उंचवटे, आणि मग वाळू. भूजल जितकं खोल, तितकी सोबत कमी. झाऊ दिसला म्हणजे खाली कुठेतरी ओल आहे, हे कासिमला कुणी शिकवायची गरज नव्हती.

या पॉप्लरला उइगुर लोक तोग्राक म्हणतात. शास्त्रीय नाव पॉप्युलस युफ्रेटिका, म्हणजे युफ्रेटिस नदीवरून आलेलं. पण जगातली अर्ध्याहून जास्त जंगलं या तारीम खोऱ्यातच आहेत. लहानपणी पानं विलोसारखी अरुंद, मोठेपणी गोल आणि दातेरी. एकाच झाडावर दोन्ही! खारट जमीन त्याला चालते. बी मात्र भलतंच नाजूक. ते उन्हाळी पुराच्या सुमारास उडतं, आणि पुराने पसरलेला ताजा ओला गाळ लवकर मिळाला नाही तर मरतं.

तर हेदिन जंगलात पोचला. समोर खोतान नदी, आणि पात्र कोरडं! मे महिना ना. डोंगरातला बर्फ अजून पुरेसा वितळायचा होता. कासिम मागे पडला. हेदिन एकटाच पात्र ओलांडत गेला, तेवढ्यात पंख फडफडले, एक बदक उडालं. तिथे डबकं होतं. तो पोटभर प्यायला आणि बुटांत पाणी भरून कासिमकडे परतला. कासिम वाचला. मागे राहिलेले दोघं नाही वाचले. हेदिनच्या घाईची किंमत त्यांनी दिली, असं माझं मत.

1972 साली तारीमवर दाशीहायझी जलाशय झाला आणि खालचं सुमारे 300 किलोमीटर पात्र सुकलं. भूजल उतरलं, पॉप्लर उभेच्या उभे वाळले. 2000 पासून तिथे मुद्दाम पाणी सोडायला लागले, ते 2001 मध्ये पार तैतेमा सरोवरापर्यंत पोचलं. पात्रालगतच्या म्हाताऱ्या झाडांना पुन्हा पालवी फुटली. पण पात्रातूनच वाहणारं पाणी म्हणजे पूर नव्हे. ते काठाबाहेर पसरत नाही, तिथे गाळ पडत नाही आणि बी रुजत नाही. नवी रोपं हवीत तर पाणी काठ ओलांडून जाऊ द्यावं लागतं, तेही बी उडतं त्याच आठवड्यांत.