दृश्य उपगमन

धावपट्टी डोळ्यांनी पाहत, उपकरणांच्या ठरावीक मार्गावर न विसंबता विमान उतरवण्याची रीत. प्रवासी विमानाला त्यासाठी नियंत्रण कक्षाची परवानगी लागते. उतार साधारण 3 अंशांचा, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे 300 फूट. धावपट्टीकडेचे ‘पापी’ दिवे दोन पांढरे, दोन लाल दिसले की उतार बरोबर. चारही लाल दिसले तर विमान फारच खाली आहे. नाव पापी, काम मात्र पुण्याचे.

डोळे फसतातही. रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावर रात्री समुद्रावरून येताना खाली नुसता काळोख असतो. आपण उंच आहोत असा भास होऊन वैमानिक नकळत विमान खाली आणतो. मुंबईतली फसगत तर भर दिवसाउजेडी झाली. समुद्राकडून सांताक्रूझ विमानतळाकडे येताना जुहूची आखूड धावपट्टी आधी दिसते, आणि दोन्हींची दिशा जवळपास सारखीच. 1953 मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचे कॉमेट जेट विमान चुकून जुहूला उतरले. ते पुढे तिथूनच उडवून नेले. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-8 तसेच जुहूला उतरले आणि धावपट्टी संपल्यावरही पुढे गेले. प्राणहानी झाली नाही. विमान मात्र कायमचे निकामी झाले.