बीसीएल११ए प्रतिपिंडे

बीसीएल११ए हे प्रथिन हेरून त्याला चिकटणारी प्रयोगशाळेतील प्रतिपिंडे. हे प्रथिन म्हणजे एक प्रतिलेखन घटक असून ते जन्मानंतर गर्भीय हिमोग्लोबिनचे जनुक दाबून ठेवतो. दाब सैल झाला, तर गर्भीय हिमोग्लोबिन वाढून सिकलसेल आजाराचा त्रास कमी होतो. मेळघाटासह विदर्भात हा आजार असल्याने विषय इथे परका नाही. ही प्रतिपिंडे वापरून केलेल्या वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन-चाचणीत प्रौढ रक्तजनक पेशींत पट्टा ठळक उमटतो. मात्र नुसत्या पट्ट्यावर विसंबू नये: बीसीएल११ए जनुक काढलेल्या पेशींत तो नाहीसा झाला, तरच प्रतिपिंड खरे. २०१८ मध्ये अशाच प्रतिपिंडांमुळे हे प्रथिन गॅमा-ग्लोबिन या गर्भीय हिमोग्लोबिनच्या जनुकाच्या प्रवर्तकावर टीजीएसीसीए हा डीएनए-क्रम पकडते, हे दिसले. बीसीएल११ए जनुकाचा वर्धक तोडणाऱ्या कॅसजेव्ही उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली. रुग्णाचे निदान मात्र या प्रतिपिंडांनी नव्हे, तर सोल्युबिलिटी चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस यांसारख्या चाचण्यांनी होते.