सालबर्डीचा पिवळा दगड : काळ्या पाषाणाखाली दडलेला सातपुडा, डायनासोरची अंडी आणि पायथ्याच्या बोअरचं गणित

मोर्शी : सातपुडा म्हटलं की काळा दगड, हे अमरावती जिल्ह्यात लहान पोरालाही माहीत. चिखलदऱ्याचे कडे काळे, विहीर खोदली की खाली काळा पाषाण, रस्त्यावरची गिट्टीही काळीच. पण महाशिवरात्रीला सालबर्डीच्या यात्रेला जाणाऱ्याने माडू नदीच्या काठाकडे नीट पाहिलं तर तिथे दगडाचा रंगच बदललेला दिसतो. कुठे पिवळट, कुठे लालसर, कुठे पांढुरका. हात फिरवला तर वाळूसारखा खरखरीत. बाजार समितीत पोत्यांची थप्पी लावावी तसे थरावर थर.

हा दगड ज्वालामुखीचा नाही. पाण्याने वाहून आणलेली वाळू, गोटे आणि गाळ साचून, दाबला जाऊन जो खडक तयार होतो त्याला गाळाचा खडक म्हणतात. सालबर्डीचा हा खडक वरच्या काळ्या दगडाहून जुना आहे. सातपुड्याच्या पायथ्याला तो सगळीकडे दिसत नाही. सालबर्डी आणि चांदूर बाजार तालुक्यातलं बहिरम अशा मोजक्या ठिकाणीच तो उघडा पडलाय. भूगर्भशास्त्राचे अभ्यासक याला खिडकी समजतात. वरचं छप्पर झिजलं आणि आतली खोली दिसली, असा प्रकार.

खालून वर मोजायचं

सालबर्डीत दगडांचे चार मजले आहेत. सगळ्यात खाली ग्रॅनाइटसारखा चमकदार, दाणेदार, अतिशय कठीण खडक. तो शंभर कोटी वर्षांहून जुना. त्याच्यावर गोंडवन खडक, म्हणजे वालुकाश्म, गोट्यांचा जमलेला थर आणि मधे मऊ चिकणमातीचे पापुद्रे. त्याच्यावर लामेटा नावाचा चुनखडीचा आणि वाळूचा थर. आणि सगळ्यात वर आपला ओळखीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट.

या मजल्यांच्या मधे मोठा काळ गायब आहे. ग्रॅनाइट आणि गोंडवन यांच्या मधली कोट्यवधी वर्षं दगडात सापडतच नाहीत. त्या काळात इथे काही साचलं नाही, किंवा साचलं ते वाहून गेलं. सातबाऱ्यावर मधल्या फेरफाराची पानंच फाटलेली असावीत तसं.

गोंडवन हे नाव जगभर चालतं आणि ते आपल्याच मुलखातलं आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले अधिकारी मेडलिकॉट यांनी १८७२ साली गोंड लोकांच्या प्रदेशावरून या खडकांना ते नाव दिलं. पुढे भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकेकाळी एकत्र होते असं मांडलं गेलं, तेव्हा त्या महाखंडालाही गोंडवनाचंच नाव मिळालं. आज अर्जेंटिनातल्या शाळेतलं पोरगंही हा शब्द शिकतं. मेळघाटातल्या किती शाळांत तो शिकवला जातो, हा प्रश्न वेगळा.

गोंडवन खडक म्हटला की गावात कोळशाची चर्चा सुरू होते. त्यात तथ्य एवढंच की वणी, बल्लारपूर, उमरेड आणि तिकडे बैतूल जिल्ह्यातलं पाथाखेडा इथला दगडी कोळसा गोंडवन खडकातलाच आहे. पण गोंडवन आहे म्हणजे कोळसा आहेच असं होत नाही. कोळसा त्यातल्या ठराविक थरांत सापडतो, मुख्यतः बराकर नावाच्या. बहिरम भागात सापडलेत ते झाडपाल्याचे ठसे. गाळात पान पडलं, वरून दुसरा गाळ बसला, पान कुजून गेलं आणि नक्षी तेवढी राहिली. बहिरमच्या जत्रेत रोडगे आणि हंडीचा बेत करून परतणाऱ्या हजारो लोकांना याची कल्पनाही नसते.

डायनासोरची अंडी

लामेटा हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लामेटा घाटावरून पडलं. १८२८ साली जबलपूरला स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला मोठी दगडी हाडं मिळाली. भारतात डायनासोरची हाडं सापडल्याची ती पहिली नोंद. तोच थर पुढे महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला मिळाला आणि सालबर्डीलाही.

सालबर्डीच्या लामेटा खडकातून डायनासोरच्या पायाचं हाड मिळाल्याचा शोधनिबंध २०१३ साली आणि अंड्यांच्या घरट्याचा २०१५ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही काम संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागातल्या संशोधकांचं. म्हणजे बाहेरच्या कुणी येऊन सांगितलेली ही गोष्ट नाही.

ही अंडी लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या, प्रचंड आकाराच्या डायनासोरची. जनावर एवढं अवाढव्य, पण अशी अंडी साधारण १५ ते १८ सेंटिमीटरची, सोललेल्या नारळापेक्षा थोडी मोठी. मादी नदीकाठच्या किंवा तळ्याकाठच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालायची आणि वरून माती लोटायची. काही अंडी उबलीच नाहीत. पुरात गाळाखाली गेली, चुन्याचं पाणी मुरून दगड झाली. काळ साधारण सात कोटी वर्षांपूर्वीचा.

त्यानंतर लाव्हा आला. ६.६ कोटी वर्षांच्या आसपास जमिनीला लांबच लांब भेगा पडून पातळ लाव्हा पसरत गेला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. दोन लोटांच्या मधे हजारो वर्षांची उसंत मिळाली की वरचा दगड कुजून लाल माती व्हायची, तिच्यावर पुढचा लोट. विहीर खोदताना काळ्या पाषाणात मधेच लाल मातीचा पट्टा लागतो तो हाच. चिखलदऱ्याच्या कड्याला पायऱ्या दिसतात त्याही या लोटांच्याच. लामेटाची माती, अंडी, हाडं, सगळं या दगडाखाली बंद झालं.

दगड उघडा कसा पडला

याचं उत्तर गाविलगड भ्रंशात आहे. भ्रंश म्हणजे जमिनीला पडलेली अशी लांब चीर की जिच्या एका अंगाची जमीन वर उचलली गेली आणि दुसऱ्या अंगाची खाली बसली. अचलपूर, चांदूर बाजारच्या सपाट शेतातून उत्तरेकडे पाहिलं की डोंगर एकदम भिंतीसारखा उभा दिसतो, हळूहळू चढत नाही. ती भिंत या भ्रंशाची खूण. डोंगराचं अंग वर गेलं, त्यावरचा काळा दगड पावसापाण्याने झिजला आणि माडूसारख्या नदीने कापत कापत खालचे मजले उघडे केले.

सालबर्डीला गरम पाण्याचे झरे आहेत, तेही याच चिरेमुळे. पावसाचं पाणी भेगांतून फार खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. खाली ज्वालामुखी जिवंत आहे ही वावडी दर काही वर्षांनी मोबाईलवर फिरते. ती खोटी आहे. इथला ज्वालामुखी कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झालाय.

बोअर लागतो कुठे, कोरडा जातो कुठे

हे सगळं शेतकऱ्याच्या खिशापर्यंत येतं ते इथे. वरूड-मोर्शीचा संत्रा पट्टा भूजलाच्या अतिउपशात मोडतो. बोअर हजार फुटांपर्यंत नेल्याची उदाहरणं गावोगाव आहेत. एकाच्या बांधावर पाणी आणि शेजाऱ्याचे तीन बोअर कोरडे, असंही होतं. दोष नशिबाला दिला जातो, पायाळू माणसाला किंवा नारळवाल्याला पैसेही दिले जातात. कारण मात्र दगडात असतं.

काळ्या पाषाणाला स्वतःच्या अंगात पाणी धरता येत नाही. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत, कुजलेल्या भागात आणि लोटाच्या वरच्या सच्छिद्र तोंडाशी. घट्ट पाषाण लागला की त्यात दोनशे फूट अजून गेलं तरी धूळच निघते. खोल गेलं म्हणजे जास्त पाणी, हा समज काळ्या दगडात बहुतेक वेळा महागात पडतो.

वालुकाश्माचं वेगळं. दाण्यांच्या मधे जागा असते म्हणून पाणी मुरतं. पण दाण्यांच्या मधे चुना किंवा गार घट्ट बसली असेल तर तोही पाषाणासारखाच कोरडा. पिवळा दगड दिसला म्हणून लगेच गाडी बोलावणं शहाणपणाचं नाही. खालचा ग्रॅनाइट तर फक्त भेगेत पाणी देतो.

डोंगर आणि सपाट शेत यांच्या मधे अजून एक पट्टा आहे, तो सगळ्यात मोलाचा. डोंगरावरून ओढ्यांनी लोटून आणलेले गोटे, भरड वाळू आणि मुरूम यांचा हा ढीग पायथ्याला लागून पसरलाय. अभ्यासक त्याला बझाडा म्हणतात. पावसाळ्यात डोंगरातून भरून आलेला नाला या पट्ट्यात येता येता आटतो, पुढे कोरडा पडतो. ते पाणी हरवलेलं नसतं, खाली मुरलेलं असतं आणि पुढच्या गावांच्या विहिरींकडे सरकत असतं. या पट्ट्यातले गोटे-वाळू उपसली आणि वर गाळ बसला की तोंड बंद होतं. नाल्यावर बंधारा बांधून पाणी साठत नाही म्हणून तो निकामी ठरवणारे या पट्ट्यात चुकतात. इथे बंधाऱ्याचं काम मुरवण्याचं. त्याच्या पुढे दक्षिणेला पूर्णेचा शेकडो फूट जाडीचा गाळ आणि मग खारपाणपट्टा. तिथे अडचण पाणी कमी असण्याची नाही, खारट असण्याची आहे.

महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ मध्ये ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फूट किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हटलंय आणि शेतीसाठी तशी विहीर घेण्यावर बंधन आहे. प्रत्यक्षात काय चालतं ते सगळ्यांना दिसतं. बोअरआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या अमरावती कार्यालयात गावाच्या दगडाची माहिती विचारली तर निदान अंधारात पैसा जात नाही.

घरच्या घरी ओळख

दगड ताजा फोडून पाहायचा, बाहेरचा रंग फसवतो. काळा, जड, दाणे डोळ्यांना न दिसणारा तो बेसाल्ट. कधी त्यात पांढरे स्फटिक चमकतात. खरखरीत, दाणे मोकळे होणारा, पाण्याचा थेंब शोषणारा तो वालुकाश्म. चुन्याचा दगड ओळखायला त्याची थोडी पूड करून लिंबू पिळायचं. बुडबुडे आले तर चुना आहे.

गोंधळ होतो तो अंड्यांच्या बाबतीत. शेतात नांगराला लागणारे पांढरे गोल खडे म्हणजे कंकर, ते मातीतल्या चुन्याचे गोळे. काळा दगड कुजताना कांद्यासारखी सालं सोडतो आणि मधे गोल गोटा उरतो, तोही अंडं नाही. खरं अंडं सुटं पडलेलं क्वचितच सापडतं. ते लामेटाच्या कठीण चुनखडी दगडात रुतलेलं असतं, बहुधा आजूबाजूला आणखी अंडी असतात, आणि कापलेल्या भागात एक-दोन मिलिमीटर जाडीच्या कवचाची वळलेली रेघ दिसते.

असं काही दिसलं तर छिन्नी-हातोडा लावायचा नाही. उपटून घरी आणलेल्या अंड्याची किंमत अभ्यासाच्या दृष्टीने जवळपास संपते, कारण ते कोणत्या थरात, कशाशेजारी होतं हीच खरी माहिती. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढायचा, मोबाईलमधलं लोकेशन जतन करायचं आणि तलाठी, तहसील, विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं नागपूर कार्यालय यांपैकी कुणाला तरी कळवायचं. जागा जंगलात असेल तर वनविभागाला. राखीव जंगलातून विनापरवाना दगड उचलणं तसाही गुन्हाच आहे. अशा भूवारसा स्थळांसाठी केंद्राने २०२२ साली वेगळ्या कायद्याचा मसुदा आणला होता.

नेमकी जागा गावाच्या ग्रुपवर टाकायची नाही, हेही महत्त्वाचं. देशात इतरत्र अंडी लोकांनी उचलून नेल्याचे प्रकार झालेत. सालबर्डीला तर यात्रेच्या दिवसांत नदीकाठ माणसांनी फुललेला असतो, आणि चूल मांडायला तीन दगड सगळ्यांनाच लागतात.